कागद कुठंय? दहशतवादविरोधी कायदे आणि पाळत : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी पोलिसांची पाळत आणि दहशतवादविरोधी कायदे यावर दोन पानं लिहिली होती. त्यात म्हटलं होतं की सरकारला फोन ऐकायचा अधिकार हवाच, पण परवानगी देणारा आणि ती परवानगी तपासणारा एकाच घरातला नको. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर तर खूपच, काही रागावलेली, काही घाबरलेली. सगळी छापणं शक्य नाही म्हणून नाशिक शहर आणि जिल्ह्यातली काही निवडलीयेत. नावं मुद्दाम काढलीयेत.

प्रश्न : वकीलताई, मी तेहतीस वर्षं ओझरला एचएएलमध्ये काढली. रोज गेटवर डबा उघडून दाखवला, कधी अपमान वाटला नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला नोटांचा प्रेस, म्हणजे शत्रूचं लक्ष आपल्या गावावर असणारच. ज्याच्या मनात पाप नाही त्यानं फोन ऐकला म्हणून ओरडायचं कशाला? २६/११ ला फोन ऐकले नसते तर काय झालं असतं? तुमचा लेख मला पोलिसांचे हात बांधणारा वाटला. (निवृत्त कर्मचारी, ओझर)

उत्तर : काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण राग असूनही त्यात काळजी आहे, आणि ती काळजी मलाही आहे. २६/११ ला १६६ माणसं गेली. त्या रात्री एटीएसनं पाकिस्तानात बसून सूचना देणाऱ्यांचे फोन चालू हल्ल्यात पकडले, ते बोलणं पुढं कोर्टात पुरावा म्हणून आलं आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशी कायम केली. तिथं फोन ऐकलेच पाहिजे होते, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका नाही.

पण डब्याचं घ्या. गेटवर नियम लावलेला होता, साहेब असो की हेल्पर, सगळ्यांचा डबा उघडायचा, आणि तो उघडायचा तुमच्या डोळ्यादेखत. तुम्हाला माहीत होतं कोण बघतंय, काय बघतंय, कशासाठी बघतंय. आता समजा तुमच्या घरी तुम्ही नसताना कुणी तरी येऊन कपाट उघडून, बायकोची जुनी पत्रं वाचून, परत जशीच्या तशी लावून गेला आणि तुम्हाला आयुष्यात कधी कळलंच नाही, तर तो डबा उघडण्याचा प्रकार म्हणाल का तुम्ही? फोन टॅपिंग या दुसऱ्या प्रकारात बसतं. मनात पाप नसलेल्या माणसाच्याही फोनमध्ये डॉक्टरचे रिपोर्ट असतात, मुलीच्या लग्नाची बोलणी असतात, भावाशी जमिनीवरून झालेलं भांडण असतं, ते सगळं त्याचं स्वतःचं आहे.

आणि २६/११ ची दुसरी बाजू पण बघा ना. राम प्रधान समितीनं नंतर जे सांगितलं त्यात मोठा मुद्दा हा होता की गुप्तचरांकडून आलेले इशारे राज्य पातळीवर कसे हाताळायचे यातच गोंधळ होता. म्हणजे माहिती येत होती, तिचं पुढं काय करायचं ते नीट बसवलेलं नव्हतं. अमेरिकेनं ९/११ नंतर सगळ्या नागरिकांच्या कॉलची यादी गोळा करायला घेतली, कोण कुणाला किती वाजता किती मिनिटं बोललं ते सगळं, आणि २०१४ मध्ये त्यांच्याच सरकारी देखरेख मंडळानं तपासून सांगितलं की या ढिगानं एकाही दहशतवादी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला असं उदाहरण आम्हाला सापडलं नाही. गवताची गंजी मोठी केल्यानं सुई सापडत नाही काका, आणि संशयितापर्यंत नेमकं पोचणारा एक चांगला पीएसआय या गंजीपेक्षा जास्त कामाचा असतो.

आता हात बांधण्याबद्दल, कारण ते मला लागलं. टाडा म्हणजे तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा, त्याच्या आपल्याच नाशिकच्या कोर्टातली केस सांगते. १९९४ मध्ये अकरा जणांना दहशतवादी कट केला म्हणून पकडलं होतं. निकाल लागला फेब्रुवारी २०१९ मध्ये, पंचवीस वर्षांनी, सगळे निर्दोष, कारण पुरावा नव्हता आणि टाडामध्ये जी प्रक्रिया सांगितलीये ती पाळलेली नव्हती. तो टाडा कायदा स्वतः १९९५ मध्येच संपला होता, खटला मात्र त्याच्यानंतर चोवीस वर्षं चालू राहिला.

मालेगाव तर आपल्या जिल्ह्यातलंच. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, बॉम्बस्फोट झाले. नऊ जणांना मोक्कामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, पकडलं, पाच वर्षांनी २०११ ला जामीन मिळाला, आणि २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं, एक जण तोवर वारलेला होता. मग २९ सप्टेंबर २००८, भिक्कू चौक, सहा माणसं गेली. त्या केसमधले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला सुटले, आणि निकालात एक मुद्दा हा होता की यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावायची जी मंजुरी लागते तीच सदोष होती. दोन्ही केसमधल्या आरोपींचा धर्म वेगळा, त्यांच्या बाजूनं बोलणारे पक्ष वेगळे, पण मी ज्या बाकावर बसते तिथून मला एकच दिसतं, की कागद नीट नसला की निरपराध माणूस वर्षानुवर्षं आत राहतो, आणि जो खरा गुन्हेगार असेल त्याला पण तोच फाटका कागद बाहेर काढतो, आणि ज्यांची पोरं त्या चौकात गेली ते आई-बाप दोन्ही वेळा रिकाम्या हातानं घरी जातात. म्हणून मी प्रक्रिया प्रक्रिया करत असते. पोलिसांचे हात बांधायचे नाहीयेत मला, त्यांनी पकडलेला माणूस कोर्टात टिकावा एवढं मागतेय.

प्रश्न : मेसेजला तीन निळ्या टिक आल्या म्हणजे सरकारनं वाचला आणि एक लाल आली की नोटीस निघणार, हे खरंय का? आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलंय. (सिडको)

उत्तर : नाही हो ताई, खोटंय. बरीच वर्षं फिरतोय तो मेसेज, सरकारच्या माहिती कार्यालयानं, पीआयबीनं पण तो खोटा म्हणून सांगितलंय. तीन टिक असा प्रकारच नाहीये. ग्रुपवर टाकून द्या तसं.

प्रश्न : मी एका सामाजिक संघटनेत काम करते. फोनवर बोलताना मधेच खरखर येते, नवरा म्हणतो तुझा फोन टॅप होतोय. खरंच होत असेल तर मला कळेल कसं? आणि विचारायचं कुणाला? (गंगापूर रोड)

उत्तर : खरखरीवरून काही कळत नाही, ती नेटवर्कची असते. खरं उत्तर सांगते आणि ते आवडणार नाही तुम्हाला, आपल्याकडे टॅपिंग झालं तर ते कळवायची सोयच कायद्यात नाहीये. चालू असताना तर कळवणार नाहीतच, ते मला मान्य आहे, पण संपल्यावर, काही सापडलं नाही म्हणून बंद केल्यावरसुद्धा नाही. माहिती अधिकारात विचारलं तर सुरक्षेचं कारण देऊन नकार येतो.

कायदा असा आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, इंग्रजांचा, त्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असेल तरच संदेश अडवता येतील असं होतं. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा खासगी आयुष्याचा भाग आहे, गृहसचिवांच्या लेखी आदेशाशिवाय ऐकायचं नाही, आणि आदेश तपासायला समिती हवी. आता त्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आणि डिसेंबर २०२४ चे नियम आलेत, सांगाडा तोच, आदेश ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. घाईच्या वेळी पोलिसांमधले वरचे अधिकारी आधी सुरू करू शकतात पण कामकाजाच्या सात दिवसांत मंजुरी आली नाही तर थांबवायचं.

कागदावर वाईट नाहीये ना? अडचण कुठं आहे बघा. आदेश देणारा सचिव, आणि तो तपासणाऱ्या समितीत कोण, तर परत सचिवच. एकही न्यायाधीश नाही. २०१३ मध्ये माहिती अधिकारातून कळलं होतं की एकटं केंद्र सरकार महिन्याला साडेसात ते नऊ हजार टॅपिंग आदेश काढतं. आणि २०१८ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनं लिहून ठेवलंय की ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढं पंधरा ते अठरा हजार आदेश असतात. करा हिशोब. सकाळी दहाला बसून रात्री दहाला उठले, चहाला पण उठले नाहीत, तरी एका आदेशाला तीन सेकंद मिळत नाहीत. तीन सेकंदात तर माणसाचं नाव पण नीट वाचून होत नाही. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते, कारण यात कुणी दुष्ट असायची पण गरज नाही, सगळे प्रामाणिक असले तरी तपासणी होतच नाहीये.

इंग्लंडनं २०१६ च्या कायद्यात दुहेरी कुलूप ठेवलं, मंत्र्याची सही झाली तरी न्यायिक आयुक्तानं पास केल्याशिवाय वॉरंट चालत नाही. आपल्याला ते जमणार नाही असं मला बिलकुल वाटत नाही. आपल्या मोक्कामध्येच बघा, पोलीस अधिकाऱ्यानं अर्जात लिहावं लागतं की तपासाचे दुसरे मार्ग वापरून पाहिले का आणि ते का चालले नाहीत. एवढं एक वाक्य प्रत्येक अर्जात मागितलं आणि ते वाचायला बाहेरचा न्यायाधीश बसवला तरी निम्मे अर्ज पाठवण्याआधीच गळतील असा माझा अंदाज आहे.

तुमच्या हातात काय, तर केस झाली आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून आलं तर त्याला आव्हान देता येतं. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं लाचेच्या एका केसमध्ये तीन टॅपिंग आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षिततेशी संबंधच नव्हता, आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. पण त्या माणसाला कळलं ते केस झाली म्हणून. ज्यांच्यावर केस होत नाही त्यांचं काय, याला आज उत्तर नाही.

प्रश्न : माझा कॉलेज रोडला फ्लॅट आहे, दोन विद्यार्थी ठेवलेत. पोलिसांना माहिती दिली. आता सोसायटीचे चेअरमन म्हणतात आधारची झेरॉक्स मला पण द्या, आणि ती ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात "सुरक्षेसाठी". गंमत म्हणजे सगळ्यांकडून मागत नाहीत, नाव बघून मागतात. काय करू? (एक घरमालकीण)

उत्तर : पोलिसांना भाडेकरूची माहिती दिलीत ते बरोबर केलंत, आयुक्तालयाचे तसे आदेश वेळोवेळी निघतात आणि ते मोडले तर घरमालकावर गुन्हा होऊ शकतो. ऑनलाइन भरता येतं, पोचपावती जपून ठेवा. चेअरमनला पण पोलिसांना दिल्याची पावती दाखवली की विषय संपतो. आधार क्रमांक असा सगळ्यांसमोर टाकणं आधार कायद्यातच मना आहे, तेव्हा ग्रुपवरचे फोटो आजच्या आज डिलीट करायला लेखी सांगा. सोसायटीला भाडेकरूची नोंद ठेवायची असेल तर ठराव करून सगळ्यांची ठेवावी, मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधार घ्यावं, रजिस्टर कुलपात ठेवावं.

आणि नाव बघून मागण्याबद्दल, ताई, त्या मुलांना ते कळतं. वीस वर्षांचं पोरगं दुसऱ्या गावाहून शिकायला आलेलं असतं आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस आपल्याकडं आपण माणूस नाही, कागद असल्यासारखं बघतो हे त्याला पहिल्या आठवड्यात समजतं. तुम्ही त्यांच्या बाजूनं बोला, तुमचं ऐकतील, तुम्ही मालकीण आहात.

प्रश्न : मी एमपीएससी करतोय. टाडा, पोटा, यूएपीए, मोक्का, आता बीएनएस ११३, इतके कायदे कशाला? आणि नवं जनसुरक्षा? (एक विद्यार्थी, अशोकस्तंभ)

उत्तर : परीक्षेपुरतं थोडक्यात. टाडा १९८५ चा, मग १९८७ चा, १९९५ ला संपला. पोटा २००२ चा, २००४ ला रद्द, पण त्यातली बरीच कलमं त्याच वर्षी यूएपीएत आणून बसवली, तो कायदा मुळात १९६७ चा. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये तो अजून कडक झाला, चार्जशीट दाखल करायला १८० दिवसांपर्यंत मुदत आणि जामिनाचं ४३-ड(५) हे कलम, आणि एनआयए ही केंद्राची दहशतवाद तपास यंत्रणा पण तेव्हाचीच. २०१९ पासून संघटनाच नाही तर एकट्या माणसाला पण दहशतवादी जाहीर करता येतं. मोक्का १९९९ चा, आपल्या राज्याचा. बीएनएस, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेली न्याय संहिता, तिचं कलम ११३ जुलै २०२४ पासून, आणि केस यूएपीएत घालायची की बीएनएसमध्ये ते एसपी दर्जाचा अधिकारी ठरवतो. जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात पास झालं, कडव्या डाव्या संघटनांसाठी म्हणून.

यातलं ४३-ड(५) नीट वाच. पोलिसांचं म्हणणं वरवर खरं वाटलं की जामीन नाही, आणि २०१९ च्या वटाली निकालानं कोर्टाला त्या पुराव्यात फार खोल जायची पण मुभा ठेवली नाही. २०२१ मध्ये नजीबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की खटलाच वर्षानुवर्षं चालत नसेल तर जामीन देता येईल, तो एक दिलासा. सरकारनं संसदेत दिलेले आकडे आहेत, २०१६ ते २०२० मध्ये यूएपीएखाली आरोपी २४,१३४, शिक्षा २१२ जणांना, सुटले ३८६. बाकीचे कुठं आहेत हा प्रश्न तू अधिकारी झालास तर विचार.

आणि अशोकस्तंभावर अभ्यासाला बसतोस म्हणून एक सांगते. याच शहरात २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, आणि त्यानंतरचा नाशिक कटाचा खटला ज्यूरीशिवाय, खास तीन न्यायाधीशांपुढं चालवला गेला. मग १९१९ ला रौलट आला, ना वकील, ना दलील, ना अपील. असे खास कायदे काय करतात हे नाशिकच्या किती तरी वाड्यांनी शंभर वर्षांपूर्वीच भोगलंय.

प्रश्न : कुंभमेळ्यासाठी सगळीकडं कॅमेरे लागतायत, चेहरा ओळखणारे पण म्हणतात. माझं रामकुंडाजवळ दुकान आहे, मला तर बरं वाटतंय. तुमचा विरोध आहे का? (पंचवटी)

उत्तर : कॅमेऱ्याला विरोध नाही. २००३ च्या कुंभात चेंगराचेंगरीत माणसं गेली ते आपण कुणी विसरलेलो नाही, आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानाला गर्दी किती होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. गर्दी कुठं तुंबतेय हे वरून दिसलंच पाहिजे, हरवलेलं पोर सापडलं पाहिजे. त्यासाठी माणसाचं नाव माहीत असायची गरज नसते मात्र.

चेहरा ओळखायचं यंत्र वेगळं. ते चुकतं. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं की आम्ही ते जुळलं धरतो, आणि लाखोंच्या गर्दीत असं "जुळलेले" किती निघतील, आणि त्यातल्या एखाद्या साध्या वारकऱ्याला बाजूला घेऊन बसवलं तर तो कुणाला सांगणार? शिवाय आपल्या देशात या यंत्रासाठी वेगळा कायदाच नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क म्हटलं तेव्हा सांगितलं होतं की त्यात हात घालायचा तर कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे, आणि कारणाच्या मानानंच हात घातला पाहिजे. म्हणून मी दोनच गोष्टी विचारते, चेहऱ्यांचा हा साठा मेळा संपल्यावर किती दिवसांत पुसणार, आणि ते लिहून देणार का? साधू परत गेल्यावर, मंडप निघाल्यावर कॅमेरे तिथंच राहणार आहेत, आणि मग त्यांच्यासमोरून रोज तुम्ही, तुमचं गिऱ्हाईक, एखादा मोर्चा, असंच कोण कोण जाणार आहे.

प्रश्न : ताई सलाम. मी मालेगावचा, पॉवरलूमवर आहे. माझ्या लहान भावाला रात्री कामावरून येताना नाक्यावर अडवलं, फोन अनलॉक करायला लावला, गॅलरी, व्हॉट्सॲप सगळं बघितलं, मग फोन ठेवून घेतला, तीन दिवसांनी दिला. काही लिहून दिलं नाही. अब्बा म्हणतात गप्प बसा, आपल्या गावाचं नाव आधीच तसलं आहे. भाऊ आता कामावर जायला घाबरतो. (मालेगाव)

उत्तर : भाऊ, अब्बांची भीती मला कळते, २००६ पाहिलेल्या माणसाला मी चूक म्हणणार नाही. पण हक्क काय आहे ते सांगते.

गुन्हा नोंद नाही, तपास चालू नाही, आणि रस्त्यात थांबवून कुणाचीही गॅलरी चाळायची, असा अधिकार मला कुठल्याच कलमात सापडलेला नाही. गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल तर बीएनएसएस, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ९४ खाली लेखी नोटीस देऊन मागता येतो. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणं कारण लिहून ठेवावं लागतं. आणि कलम १०५ प्रमाणं झडती आणि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करून, जप्तीची यादी करून ते मॅजिस्ट्रेटकडं विनाविलंब पाठवावं लागतं. म्हणजे फोन घेतला की पंचनामा, पंचांच्या सह्या. त्यात फोनचा हॅश नंबर, म्हणजे आतल्या माहितीचा डिजिटल ठसा, पण लिहून मागायचा, कारण तो असला की नंतर आत कुणी काही घातलं किंवा काढलं तर लगेच कळतं. तीन दिवस फोन बाहेर होता आणि एक कागद नाही, ही मला सगळ्यात काळजीची गोष्ट वाटते, उद्या त्यात काही निघालं तर ते कुणाचं म्हणायचं?

एक सावधगिरी मात्र. खरंच यूएपीएचा तपास असेल आणि एसपींच्या लेखी मंजुरीनं लेखी माहिती मागितली असेल तर ती न देणं हाच गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा अशी नोटीस आली तर घरी बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट मिळतो, १५१०० ला फोन करा. साक्षीला बोलावलं आणि अब्बा साठच्या वर असतील तर त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन विचारावं लागतं.

पुन्हा कुणी नाक्यावर फोन मागितला तर भावानं हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही, पळायचं तर अजिबात नाही. फक्त विचारायचं, "साहेब, कुठल्या केसमध्ये हवाय, पावती द्याल का?" बक्कल नंबर, वेळ, जवळचं दुकान लक्षात ठेवायचं.

आणि झालं त्याचा अर्ज द्या. तारीख, वेळ, नाका, फोन कधी घेतला, कधी दिला, कुणी काय म्हटलं, बस एवढंच, एक पान. शिव्या नको, आरोप नको. एसपी ऑफिसला दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला नाही म्हटले तर स्पीड पोस्टानं पाठवा. भावाला अर्ज त्याच्या हातानं लिहायला सांगा, उर्दूत लिहिला तरी चालेल, आणि पाठवायच्या आधी संपादकांकडं माझ्या नावानं पाठवा, मी वाचून परत देते.